काजूबी विकावी की काजूगर?

प्रश्न : वेंगुर्ला तालुक्यात आमची वडिलोपार्जित काजूबाग आहे. मुंबईची नोकरी सोडून गावी यावं का? कोकणात खरंच भवितव्य आहे?

उत्तर : आहे, आणि ते प्रक्रियेत आहे. 1990 पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने डोंगरउतार लागवडीखाली आले. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने भरघोस उत्पन्नाच्या जाती दिल्या. तरीही बहुतेक बागायतदार काजूबी तशीच व्यापाऱ्याला घालतात. ती फोडून, सोलून, प्रतवारी करून गर विकला तर मजुरी आणि नफा दोन्ही गावात राहतात. जिवाला लागतं ते बोंडूचं. बीपेक्षा कित्येक पट वजनाचं हे रसाळ फळ आपल्याकडे बागेतच कुजतं. शेजारच्या गोव्यात त्याचीच फेणी होते.

पण आधी सातबारा काढा. त्यावर चुलत्यांची, आत्यांची नावं असतील तर त्यांच्या संमतीवाचून कर्ज, अनुदान सगळंच अडतं. कोकणात उद्योग अडतात ते बहुधा इथेच. भाऊबंदांशी बोलून रीतसर वाटणी करून घ्या.

नोकरी मात्र लगेच सोडू नका. एक हंगाम रजा काढून बागेत राहा, शेजारचा एखादा प्रक्रिया कारखाना आतून पाहा. ‘वेंगुर्ला काजू’ला भौगोलिक मानांकन आहे; त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणीचा अर्जही तेव्हाच करा.