चोपन्न वर्षें एकच भूमिका

"रोज मरे त्याला कोण रडे," अशी आपल्यांत एक म्हण आहे. जें नित्य घडतें त्याचें कोणास कौतुक वाटत नाहीं. एखाद्या दिवशीं मोठा पराक्रम करणाऱ्याचा जयजयकार होतो. परंतु लहानसें काम वर्षानुवर्षें नीट करणाऱ्याकडे सहसा कोणाची दृष्टि वळत नाहीं. अशा कामाचें मोल काय असतें, हें समजण्यासाठीं अमेरिकेंतील हेलन वॅग्नर ह्या नटीचें चरित्र पाहण्यासारखें आहे.

ह्या बाईंचा जन्म ३ सप्टेंबर १९१८ रोजीं टेक्सास संस्थानांतील लबक ह्या गांवीं झाला. इलिनॉय संस्थानांतील मॉनमथ कॉलेजांत त्यांनीं शिक्षण घेतलें व १९३८ सालीं त्या पदवीधर झाल्या. पुढें न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर त्यांनीं कामें केलीं. परंतु त्यांची ख्याति झाली ती दूरचित्रवाणीवरील एका मालिकेमुळें.

अशा मालिकांना अमेरिकेंत 'सोप ऑपेरा', म्हणजे साबणाचें संगीतनाटक, म्हणतात. १९३० च्या सुमारास रेडिओवर कौटुंबिक कथा रोज थोडथोड्या सांगण्याची प्रथा तेथें पडली. दुपारीं घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या ऐकत. म्हणून साबण तयार करणारे कारखानदार आपल्या मालाच्या जाहिरातीसाठीं त्यांचा खर्च सोशीत. त्यावरून हें थट्टेचें नांव रूढ झालें. दूरचित्रवाणी आल्यावर ह्याच कथा पडद्यावर दिसूं लागल्या.

अर्ना फिलिप्स ह्या लेखिकेची 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' ही मालिका २ एप्रिल १९५६ रोजीं सुरू झाली. तोंवर अशा मालिका रोज पंधरा मिनिटें चालत. ही अर्धा तास चालूं लागली. ओकडेल ह्या कल्पित गांवांतील ह्यूज नांवाच्या वकिलाच्या कुटुंबाची ही कथा. त्यांत वॅग्नरबाईंकडे वकिलाची पत्नी नॅन्सी हिची भूमिका आली. मालिकेचे अगदीं पहिले शब्द त्यांच्याच मुखीं होते. आणि ते कांहीं भारदस्त भाषण नव्हे, तर पत्नीनें पतीस सकाळीं केलेलें साधें अभिवादन होतें. नॅन्सी राणी नव्हती, वीरांगनाही नव्हती. घर संभाळणारी, मुलांची काळजी वाहणारी ती एक सामान्य गृहिणी होती.

ही भूमिका सोपी होती असें मात्र कोणी समजूं नये. नाटकांतील नट तींच भाषणें अनेक प्रयोगांत म्हणतो. मालिकेंतील नटास प्रत्येक भागासाठीं नवीं भाषणें मुखोद्गत करावीं लागतात. शिवाय १९७५ पर्यंत ही मालिका चालू प्रयोगाच्या रूपानेंच प्रक्षेपित होत असे. एखादा शब्द चुकला, तर तो त्याच क्षणीं घरोघर ऐकूं जाई. पुन्हां म्हणण्याची सोय नव्हती.

२२ नोव्हेंबर १९६३ च्या दुपारीं वॅग्नरबाई व वृद्ध आजोबांचें काम करणारे सांतोस ऑर्टेगा हे घरगुती गोष्टींचा एक प्रवेश करीत होते. इतक्यांत पडद्यावरील चित्र नाहींसें झालें. बातमीदार वॉल्टर क्रॉन्काइट ह्यांचा केवळ आवाज ऐकूं आला: अध्यक्ष केनेडी ह्यांच्यावर डॅलस येथें गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. सारा देश त्या वार्तेनें हादरला. परंतु रंगमंचावरील नटांना ह्याची कल्पनाही नव्हती. आपला प्रवेश प्रेक्षकांना दिसेनासा झाला आहे हें ठाऊक नसतां ते आपलें काम तसेंच मन लावून करीत राहिले.

वर्षें लोटलीं. पति झालेले नट डॉन मॅक्‌लाफ्लिन १९८६ सालीं वारले. तेव्हां कथेंतील नॅन्सीही विधवा झाली. पुढें तिचा दुसरा विवाह झाला, आणि त्या पतीस स्मृतिभ्रंशाचा रोग जडल्यावर त्याची शुश्रूषा करणारी नॅन्सी प्रेक्षकांनीं पाहिली. मध्यंतरीं वॅग्नरबाई कांहीं काळ मालिकेबाहेर होत्या. पण परत आल्यावर त्यांनीं अखेरपर्यंत ती भूमिका सोडली नाहीं. एकाच भूमिकेंत इतका दीर्घ काळ काम केल्याबद्दल त्यांचें नांव गिनेसच्या विक्रमांच्या ग्रंथांत नोंदलें गेलें.

१ मे २०१० रोजीं, वयाच्या ९१ व्या वर्षीं, त्यांचें निधन झालें. त्याच वर्षीं १७ सप्टेंबर रोजीं १३,८०० हून अधिक भाग झाल्यावर मालिकाही संपली. तिचा शेवटचा शब्द नॅन्सीच्या मुलाच्या, बॉबच्या, मुखीं होता. डॉन हेस्टिंग्ज हे १९६० पासून तें काम करीत होते. आईच्या सकाळच्या अभिवादनानें जी कथा सुरू झाली, ती मुलानें रात्रीचा निरोप घेऊन संपविली.

साबण खपविण्यासाठीं रचलेल्या कथेंत थोरवी ती कोणती, असें कोणी विचारील. कथा सामान्य असेल, तिचा हेतूही व्यापाराचा असेल. परंतु आपल्या वांट्यास आलेलें काम कसें करावें, हें ज्याच्या त्याच्या हातीं असतें. वॅग्नरबाईंनीं एका गृहिणीचा नित्यक्रम चोपन्न वर्षांच्या काळांत आदरानें उभा केला, म्हणून लाखों लोकांनीं तो आदरानें पाहिला.

विद्यार्थिमित्रहो, तसाच नित्यक्रम आपल्या घरींही रोज चालतो. पहांटे उठून चूल पेटविणारी आई, ठरल्या वेळीं कामावर जाणारा बाप, ह्यांची कोणत्याही ग्रंथांत नोंद होत नाहीं. ती आपण मनांत ठेवावी. आणि आपला रोजचा धडा, कोणी पाहो वा न पाहो, तितक्याच निष्ठेनें करावा. कारण पाहणारा नसतांना केलेलें काम हीच मनुष्याची खरी परीक्षा होय.