जुन्या जीपचा भाव कसा काढावा?

आमचा धंदा कापडाचा. या धंद्यात एक गोष्ट लवकर शिकायला मिळते. जुनी अस्सल पैठणी कोणी नव्याने रंगवून, काठाला नवी जर लावून आणली तर पारखी गिऱ्हाईक तिला हात लावत नाही. तीच पैठणी थोडी विरलेली, पण मूळ काठापदराची असली तर तिची बोली चढते. आज हाच नियम जुन्या जीपगाड्यांना लागू झाला आहे. आपल्या समाजात मिस्त्री, डेंटर, पेंटर, फिटर आणि भंगाराचे व्यापारी पुष्कळ आहेत. अशी गाडी सर्वात आधी त्यांच्याच दारात येते. तिची किंमत न ओळखता ती तोडली किंवा रंगवली तर नुकसान मालकाचे आणि कारागिराचेही होते. म्हणून हा विषय येथे घेत आहोत.

दुर्मिळ कशाला म्हणावे?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी १९४१ ते १९४५ या काळात मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. विलिसच्या गाडीला एमबी आणि फोर्डच्या गाडीला जीपीडब्ल्यू म्हणतात. लढाई संपल्यावर त्यातल्या काही आपल्या देशातच राहिल्या. १९४५ साली महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. तिचे एक भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. याच कंपनीमार्फत १९४७ पासून विलिस जीप येथे येऊ लागल्या. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी येथेच तयार झाली आणि गावोगाव पोहोचली.

म्हणजे संख्येने पाहिले तर जीप दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहे ती हात न लागलेली जीप. आपल्याकडे पेट्रोल महाग पडले म्हणून मूळ इंजिन काढून डिझेल बसवले गेले. सवाऱ्या जास्त बसाव्यात म्हणून मागची बॉडी वाढवली गेली. दर दोन-चार वर्षांनी जुन्या रंगावर नवा रंग चढला. त्यामुळे कारखान्यातून निघाली तशी राहिलेली गाडी शेकड्यात एखादीच सापडते, आणि भाव आहे तो या एखादीला.

मूळ अवस्थेला मोल का?

नवा पत्रा घडवता येतो, नवा रंग कितीदाही देता येतो. मूळ रंग मात्र एकदा घासला की परत आणता येत नाही. इंग्लंडमधील उदाहरण पाहा. लँड रोव्हर गाडी १९४८ साली अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात प्रथम दाखवली गेली. त्या प्रदर्शनातली एक गाडी पुढे अनेक वर्षे शेतात आणि बागेत मोडकळीस पडून होती. ती ओळखू आल्यावर कंपनीने २०१८ मध्ये ती चालू करण्याचे काम हाती घेतल्याचे जाहीर केले. पण जुन्या भागांवरचा १९४८ चा हिरवा रंग तसाच राखायचा, असे ठरवले. ज्या कंपनीला हवा तो नवा रंग देता आला असता, तिनेच जुना जपला. यातच मुद्दा आला.

मात्र गंज म्हणजे गुण नव्हे. वरवरचा गंज चालतो. चासी आतून सडली असेल तर ती मूळ असूनही किंमत उतरते.

पाहणी कशी करावी?

१. चासी आणि इंजिनचे नंबर पाहावेत व आरसी बुकाशी ताडून घ्यावेत. येथे एक बारकावा आहे. फोर्डच्या जीपीडब्ल्यूमध्ये चासीवर आणि इंजिनवर कारखान्यातच एकच नंबर पडत असे; विलिसच्या एमबीमध्ये दोन्ही नंबर वेगळे असत. म्हणून विलिसचे नंबर जुळत नाहीत एवढ्यावरून गाडी खोटी ठरवू नये.

२. रेडिएटरखालचा पुढचा आडवा दांडा पाहावा. विलिसचा नळीसारखा गोल, फोर्डचा उलट्या पन्हळीसारखा असतो. फोर्डच्या सुट्या भागांवर, बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा, इंग्रजी ‘एफ’ अक्षर सापडते. बोल्टही जपण्यासारखा असतो तो यामुळे.

३. रंगाचे थर पाहावेत. सीटखाली, डॅशबोर्डच्या मागे मूळ रंग बहुधा शिल्लक असतो. डॅशबोर्डवरच्या धातूच्या पट्ट्या, घड्याळे व आकडे मूळ आहेत का तेही पाहावे.

४. वेल्डिंगच्या खुणा शोधाव्यात. कापून वाढवलेली चासी पुन्हा मूळ होत नाही.

हिशेब कसा मांडावा?

खाली दिलेले आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. आपापल्या बाजाराचे आकडे घालावेत. लढाईच्या जीपचे वजन सुमारे ११०० किलो असते. भंगार ३० रुपये किलो धरले तर रक्कम होते ३३ हजार.

आता समजा, चांगली दुरुस्त केलेली तशीच जीप ८ लाखांना जाते. तुमच्यापुढे आहे ती बदललेली, पुन्हापुन्हा रंगवलेली गाडी. पत्राकाम १ लाख, इंजिन-गिअर दीड लाख, ब्रेक, वायरिंग व टायर ८० हजार, रंग, सीट व टप ७० हजार, म्हणजे खर्च ४ लाख. अडकलेले भांडवल, जोखीम आणि नफा यांचा १ लाख. उरले ३ लाख. यापेक्षा जास्त देऊ नये.

तीच जीप मूळ रंगाची आणि सांगाडा शाबूत असलेली असेल तर पत्रा व रंग यांचा १ लाख ७० हजारांचा खर्च करायचाच नाही. मग खरेदीचा भाव ४ लाख ७० हजारांवर जातो, आणि मूळ पट्ट्या, मूळ भाग असतील तर त्याहून वर. ३३ हजार आणि ४ लाख ७० हजार यांतला फरक हा फक्त ओळखीचा आहे.

दोन सावधगिऱ्या. जाहिरातीत मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. सौदा कितीला तुटला ते विचारावे. दुसरे, या मालाला गिऱ्हाईक थोडे असते. गाडी वर्ष-वर्ष पडून राहू शकते. कर्ज काढून किंवा दुकानाचे खेळते भांडवल यात अडकवून हा धंदा करू नये.

कागदपत्रे

कागदांशिवाय गाडी म्हणजे सुट्या भागांचा ढीग. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक झालेली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली खासगी गाडी यात बसते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २० हजार ठेवली गेली आणि मुदत १० वर्षांची. अशी गाडी धंद्यासाठी किंवा रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. डिझेल बसवलेल्या जीपची येथे अडचण होते, हे भाव ठरवताना लक्षात घ्यावे.

मूळ मालक वारला असेल तर विधवा आणि मुली धरून सर्व वारसांच्या सह्या घेतल्याशिवाय इसार देऊ नये. लष्कराच्या लिलावातली असेल तर लिलावाचा कागद मागावा.

कारागिरांसाठी

अशी गाडी आली तर ग्राइंडर लावण्याआधी मालकाला थांबवा. सर्व बाजूंचे व नंबरांचे फोटो काढा. इंजिन, ब्रेक, वायरिंग एवढेच दुरुस्त करा. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवा आणि गाडीबरोबर परत द्या. पाहणीची व सल्ल्याची मजुरी वेगळी मागा. ती तुमच्या हुन्नराची मजुरी आहे. विकताना कोणता भाग मूळ, कोणता बदललेला, हे कागदावर लिहून द्या. ऐब लपवून विकलेली गाडी आज ना उद्या पारख्याच्या हाती जाते, आणि मग बाजारात आपल्या शब्दाचा भाव उतरतो. अज्ञानापोटी एखाद्या गरीब घरची जीप भंगारात जात असेल, तर घेणाऱ्याने तिची खरी किंमत सांगूनच सौदा करावा. नफा त्यातही राहतो.