दुखत नव्हतं, म्हणून

गगनबावड्यात जून लागला की पाय कोरडे राहत नाहीत. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, करूळ आणि भुईबावडा घाटांतून वर येणारं धुकं, आणि चुलीजवळ वाळत घातलेले मोजे सकाळीही दमटच. अशाच एका पावसाळ्यात माझ्या उजव्या पायाची करंगळी गेली.

मी शाळामास्तर. रविवारी एसटीने कोल्हापूरला उपासनेला जायचं आणि आठवड्यात दोन संध्याकाळी वाड्यांवर घरप्रार्थना घ्यायची, हा माझा नेम. मधुमेह बारा वर्षांचा. गोळ्या घेत होतो, तपासण्या मात्र टाळत होतो. शरीर म्हणजे मातीचं भांडं, त्याचे लाड कशाला, असं घरप्रार्थनेत बोलूनही दाखवत होतो. दर मे महिन्यात घरावरची कौलं न चुकता चाळून घेणारा मी, पौलाने करिंथकरांना ज्याला पवित्र आत्म्याचं मंदिर म्हटलं त्या देहाकडे बघायला तयार नव्हतो.

जुलैत एका संध्याकाळी गमबुटात खडा गेला. त्यावरच मी तीन तास चाललो. घरी येऊन बूट काढला तर मोजा रक्ताने भिजलेला. दुखत मात्र काहीच नव्हतं. मी डोळे मिटून देवाचे आभार मानले. प्रभूने वेदना काढून घेतली, असं पत्नीला सांगितलं.

"अहो, एवढं लागलंय आणि कळलं नाही, हे काही बरं लक्षण नाही," ती म्हणाली. "उद्याच डॉक्टरांना दाखवू."

या आठवड्यातल्या प्रार्थना होऊ देत, म्हणालो. हळद दाबून पट्टी बांधली. गारठा होता म्हणून पाय शेगडीजवळ धरले, त्याने फोड आला, तोही मला कळला नाही. नवव्या दिवशी पायाला वास सुटला. कोल्हापुरात दाखल झालो तेव्हा साखर 380 होती आणि करंगळी काळी पडली होती.

डॉक्टर म्हणाले, "सर, दुखत नव्हतं हाच तर तुमचा आजार."

रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पायांच्या नसा बधिर होतात. रक्तपुरवठाही कमी होतो, मग जखम भरत नाही आणि तिच्यात पू धरतो. बधिरपणाचा असाच धोका कुष्ठरोगातही असतो. तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरांत 1914 साली मिशनरी घरात जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड 1946 साली वेल्लोरला आले आणि पुढे तिथे कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करू लागले. रुग्णांची बोटं आपोआप झडत नाहीत, वेदनाच नसल्याने भाजणं-कापणं त्यांच्या लक्षात येत नाही आणि त्यातून बोटं जातात, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे अमेरिकेत हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी उपयोगी पडलं. वेदनेला ते देणगी म्हणत. मी ती देणगी हरवल्याबद्दल देवाचे आभार मानत होतो.

म्हणून मधुमेह असलेल्या प्रत्येक भावा-बहिणीला माझं सांगणं आहे: रोज रात्री पाय बघा. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा धरा. बूट घालण्याआधी तो उपडा करून झटका, आत हात फिरवा. पावसाळ्यात मोज्यांचा कोरडा जोड पिशवीत ठेवा. शेगडीचा शेक नको, आणि पाणी किती गरम आहे ते पायाने नाही, कोपराने तपासा. पायाला स्पर्श कळतो का, हे वर्षातून एकदा डॉक्टरांकडून बघून घ्या. बारीकशी जखमसुद्धा त्याच दिवशी दाखवा.

उपासकाळाबद्दल तर कळकळीने सांगतो. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नका. घाम फुटला, हात कापू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी रक्तातली साखर पुन्हा तपासा. उपास मोडला म्हणून मनाला लावून घेऊ नका. थकून मरण मागणाऱ्या एलीयाला देवाने आधी झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, तेही दोनदा. होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलला, ते त्यानंतर.

दवाखान्यात जाणं म्हणजे विश्वास कमी पडला, असं आपल्यातले काहीजण अजून मानतात. आपल्याच भागात मिरजेला डॉ. वानलेस यांनी 1894 साली मिशनचं रुग्णालय सुरू केलं. ज्यांनी आमच्या पणजोबांच्या पिढीला शुभवर्तमान सांगितलं, त्याच लोकांनी ऑपरेशनचं टेबलही मांडलं.

योहानाचा तेरावा अध्याय मी कितीतरी घरांत वाचला होता. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, इथेच मी थांबत असे. धुतल्यावर कमरेच्या रुमालाने ते पुसलेही, असं तिथे लिहिलंय. आता रात्रीची प्रार्थना झाली की पत्नी विजेरी धरते आणि मी सुती फडक्याने बोटांच्या बेचक्या पुसतो, उजव्या पायाच्या तीन, डाव्याच्या चार.