पहिल्यांदा ऑस्टिओपॅथकडे जाताना

पेणच्या गणपती कारखान्यात आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखाटायचं काम करणाऱ्याची मान कधी ना कधी धरतेच. माझी धरली, पाठोपाठ उजवा खांदा भरून यायला लागला. डॉक्टरांच्या सल्ल्याने मी पनवेलला ऑस्टिओपॅथीचे उपचार घेतले. नंतर रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत काम करणारा माझा भाऊही कंबरेसाठी आला. दोघांच्या अनुभवातून मला एक गोष्ट पक्की पटली. इथे उपचार हातांनी होतो, पण त्या हातांना वाट आपण दाखवायची असते.

१. आधी डॉक्टरांना दाखवा. पडल्यावर सुरू झालेलं दुखणं, सोबत ताप, कारण नसताना घटणारं वजन, हातापायातली ताकद जाणं, यांपैकी काहीही असेल तर थेट दवाखाना गाठा. जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर एक दिवसही थांबू नका. हाड मोडल्याची शंका असेल तर एक्स-रेच्या आधी कुणालाही चोळू देऊ नका.

२. शिक्षण विचारा, संकोच नको. ही पद्धत अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकन डॉक्टरांनी 1874 मध्ये मांडली. अमेरिकेतले ऑस्टिओपॅथ पूर्ण डॉक्टर असतात, इतर बहुतेक देशांत ते फक्त हाताने उपचार करतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये प्रशिक्षणाचे निकष दिले. बारावीनंतर थेट शिकणाऱ्यासाठी 4,200 तास, त्यातले किमान 1,000 तास देखरेखीखाली रुग्ण तपासण्याचे. चार दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र त्याच्या जवळपासही जात नाही. मधुमेह किंवा बीपी हाताने बरा करतो म्हणणाऱ्याकडून उठून या.

३. दुखणं सांगाल तसा दिवसही सांगा. मला ऑस्टिओपॅथने विचारलं, “काम करताना कशा बसता, दाखवा.” मी जमिनीवर मांडी घातली, डावा हात मूर्तीला आधार दिल्यासारखा धरला, मान पुढे काढली आणि उजवा कोपर हवेत ठेवून बुबुळाची रेघ ओढून दाखवली. खांदा कानाकडे चढतो, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. भावाने भरलेलं पिंप कलतं करून कसं फिरवतो ते दाखवलं. त्याची उसण त्या एका पिळात होती. रात्री झोप मोडते का, कशाने बरं वाटतं, हेही घरून आठवून जा.

४. कागद आणि गोळ्या सोबत न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ठिसूळ हाडं, जुनी शस्त्रक्रिया, कर्करोग, गरोदरपण यांपैकी काहीही लपवू नका. त्यावरच उपचाराची पद्धत आणि दाब ठरतो.

५. सैल सुती कपडे घाला, पोट हलकं ठेवा. बायकांनी सोबत कुणाला तरी न्यावं. कुठे हात लावणार आणि कशासाठी, हे आधी सांगणं ऑस्टिओपॅथचं कामच आहे.

६. “थांबा” म्हणायचा हक्क आपला. मानेला झटका देण्यात क्वचित, पण गंभीर धोका असतो. रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. चक्कर येत असेल किंवा एकाचे दोन दिसत असतील तर आधीच सांगा. मी झटका नको म्हटलं, त्यांनी हलक्या हाताने काम केलं. कडकड आवाज आला म्हणजे गुण आला, असं नसतं.

७. परतीचा विचार करून वेळ घ्या. अंग एक-दोन दिवस ठणकू शकतं. त्या अंगाने महामार्गावरून दुचाकीवर धक्के खाऊ नका. पेण, रोहा दोन्हीकडे रेल्वे आहे. आमच्या कारखान्यांतल्या लोकांनी गणपतीआधीच्या आषाढ-श्रावणाच्या घाईत पहिली वेळ घेऊ नये; तेव्हा विश्रांती मिळत नाही.

८. घरी काय करायचं ते लिहून आणा. हाताने मिळालेला आराम बऱ्याचदा थोड्या दिवसांचा असतो. टिकवतो तो व्यायाम आणि बदललेली बैठक. मी मूर्ती उंच चौरंगावर घेतली, कोपराखाली उशी ठेवली, अधूनमधून उठायला लागले. कारखानदारांना माझं कळकळीचं सांगणं आहे: प्रत्येक आखणीवाल्याला उंच चौरंग द्या. आमच्यातल्या पुष्कळ जणांना मग या उपचाराची गरजच पडणार नाही.