मूळ गावाचा शोध



फिलिपिन्सच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षा कोराझोन अक्विनो १९८८ साली चीनच्या दौऱ्यावर गेल्या असता फुजियान प्रांतातील होंगजियान या खेड्यात मुद्दाम जाऊन आल्या. त्यांचे पणजोबा एकोणिसाव्या शतकात याच गावातून फिलिपिन्सला गेले होते. अक्विनो यांचे माहेरचे आडनाव कोहुआंको. ऐकायला ते स्पॅनिश वाटते. पण त्यात घराण्याचे नाव ‘को’, व्यक्तीचे नाव ‘हुआन’ आणि शेवटी थोरल्या भावासाठीचा ‘को’ हा शब्द आहे. म्हणजे आपल्याकडील ‘दादा’! लोकांची हाक पुढे आडनाव होऊन बसली.

परदेशी स्थायिक झालेल्या चिनी वंशजांना मूळ गाव शोधताना पहिली अडचण येते ती आडनावाचीच. एकच चिनी अक्षर कोणी ‘चेन’ वाचतो, कॅन्टनी माणूस ‘चान’, तर फुजियानचा ‘तान’. इंग्रजी कागदावरून हे तिघे एका आडनावाचे आहेत हे कळत नाही. म्हणून आधी मूळ अक्षर शोधावे लागते. ते बहुधा पूर्वजांच्या थडग्यावर सापडते. तिथे मृताच्या नावाबरोबर पुष्कळदा जिल्हा व गावही कोरलेले असते. गाव कळले की तेथील कुळाची वंशावळ, ‘झूपू’, पाहता येते. अनेक कुळांत एका पिढीतील भावंडांच्या नावात एक अक्षर समान असते आणि त्या अक्षरांचा क्रम आधीच ठरलेला असतो. त्यामुळे नावावरून पिढी ओळखता येते.

पण कागद नेहमी खरे बोलतात असे नाही. अमेरिकेने १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना प्रवेशबंदी केली. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी नोंदी जळाल्या. तेव्हा अनेक जण दुसऱ्याचा मुलगा असल्याचे कागद विकत घेऊन अमेरिकेत शिरले. त्यांना ‘कागदी पुत्र’ म्हणत. त्यांतील अनेकांच्या नातवंडांचे आजचे आडनाव खोटे आहे. खरे आडनाव कधी कधी फक्त आजोबांना ठाऊक असे.

दुसरी उणीव अधिक बोचणारी आहे. जुन्या वंशावळींत मुलींची नावे सहसा लिहीत नसत. अमेरिकेतील पॉला विल्यम्स मॅडिसन यांच्या आईचे वडील जमैकात दुकान चालवणारे चिनी हक्का गृहस्थ होते. मुलीची व त्यांची ताटातूट झाली आणि पुढे ते चीनला परतले. मॅडिसन यांनी नेटाने शोध घेतला आणि २०१२ साली त्यांची चीनमधील नातलगांशी भेट झाली. आईने आपल्या वडिलांचे नाव जपले होते, म्हणूनच हे घडले.

मुंबईत माझगावला ‘सी यप’ नावाचे जुने चिनी मंदिर आहे. सी यप म्हणजे ग्वांगडोंग प्रांतातील चार जिल्हे. तेथून आलेल्यांनी मंदिराच्या नावातच आपला पत्ता लिहून ठेवला.

आपलीही घराणी पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिली आहेत. हिंदी कागदांत ‘काळे’चे ‘काले’ आणि ‘गोळे’चे ‘गोले’ होते. माझ्या हिंदी माध्यमाच्या पदवीपत्रावरही माझ्या आडनावातील ‘ळ’ नाही. काही कुळांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत, तीर्थक्षेत्रांच्या उपाध्यायांकडे वह्या आहेत. परंतु आजीचे माहेर, पणजीचे लग्नाआधीचे नाव हे तिथे मिळेलच असे नाही.

म्हणून या सुटीतला गृहपाठ असा: घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीजवळ बसा. मूळ गाव, कुलदैवत, इकडे प्रथम कोण व कशासाठी आले, आजी व पणजीचे माहेर आणि माहेरचे नाव हे सारे विचारून वहीत लिहा. तारीख घाला, सांगणाऱ्याची सही घ्या. पालकांनीही सोबत बसावे. हे काम पुढच्या सुटीवर टाकू नका. वही नंतरही लिहिता येईल, सांगणारे मात्र तेव्हा असतीलच असे नाही.

— प्राचार्य