तेलवाहू जहाज रणांत

इतिहास शिकवितांना लढायांचीं नांवें आणि सनावळ्या आम्ही विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतों. परंतु लढण्याचा पेशा ज्यांनीं पत्करलेला नव्हता, अशा माणसांवर युद्ध कसें येऊन कोसळतें, हें सांगावयाचें बहुधा राहून जातें. म्हणून ‘ऑन्डिना’ या डच जहाजाची हकीकत आम्ही येथें देत आहों.

हें जहाज १९३९ सालचें. तेल वाहून नेणें एवढेंच त्याचें काम. मे १९४० मध्यें जर्मनीनें हॉलंड जिंकलें आणि तेथील सरकार लंडनला गेलें. त्या सरकारनें आपलीं व्यापारी जहाजें युद्धकार्यासाठीं ताब्यांत घेतलीं. ऑन्डिनाच्या पिछाडीस एक चार इंची तोफ बसविण्यांत आली.

११ नोव्हेंबर १९४२ रोजीं हें जहाज रिकाम्या टाक्यांनिशीं ऑस्ट्रेलियांतील फ्रीमँटलहून दिएगो गार्सिया बेटाकडे चाललें होतें. सोबतीस रॉयल इंडियन नेव्हीची ‘बेंगॉल’ ही नुकतीच बांधलेली लहानशी युद्धनौका होती. इतक्यांत ‘होकोकू मारू’ व ‘आइकोकू मारू’ हीं दोन जपानी जहाजें दिसलीं. प्रत्येक दहा हजार टनांहून मोठें! हींही मूळचीं उतारूंचीं जहाजें. जपानी आरमारानें त्यांवर तोफा चढविल्या होत्या. म्हणजे चारांपैकीं जन्मानें युद्धनौका एकच, आणि तीच सर्वांत लहान.

बेंगॉलचे अधिकारी विल्सन यांनीं ऑन्डिनास निसटून जाण्यास सांगितलें आणि आपली नौका सरळ शत्रूवर घातली. परंतु ऑन्डिनाचे कप्तान हॉर्समन यांनीं ओळखलें कीं, आपल्या मंद चालीनें सुटका होणें नाहीं. त्यांनींही तोफ चालविली. गोळे होते अवघे ३२. थोड्याच वेळांत होकोकू मारूवर मोठा स्फोट होऊन तें बुडालें. तो गोळा कोणाचा, याविषयीं दोन्ही जहाजांनीं आपापला हक्क सांगितला आहे.

ऑन्डिनाचे गोळे संपले. कप्तानांनीं जहाज सोडण्याचा हुकूम दिला आणि ते स्वतः गोळ्याच्या तुकड्यानें मृत्यु पावले. होड्यांत उतरलेल्या निःशस्त्र खलाशांवर आइकोकू मारूनें मशीनगन चालविली, जहाजास दोन पाणतीर मारले आणि तें बुडणारच असें समजून शत्रु निघून गेला.

पण जहाज बुडालें नाहीं. तेलवाहू जहाजाचें पोट भिंती घालून अनेक टाक्यांत विभागलेलें असतें. एक फुटली तरी पाणी शेजारच्या टाकींत शिरत नाहीं. शाबूत राहिलेल्या रिकाम्या टाक्यांनीं जहाज तोलून धरलें. वांचलेले डच व चिनी खलाशी पुन्हां त्यावर चढले. त्यांनीं आग विझविली, विरुद्ध बाजूच्या टाक्यांत पाणी घेऊन कललेलें जहाज सरळ केलें आणि १८ नोव्हेंबरला तें फ्रीमँटलला परत आणलें. बेंगॉलही दिएगो गार्सियास सुखरूप पोहोंचली. ऑन्डिना बुडालें, असाच तिच्यावरील लोकांचा समज होता.

विद्यार्थिमित्रहो, तोफ चालविणारांस आपण शूर म्हणतों, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या जहाजावर आपल्या सोबत्यांस मरतांना पाहिलें, त्याच जळत्या जहाजावर होडींतून परत चढणारे ते खलाशी कोणत्या नांवास पात्र आहेत, याचा विचार आपण घरीं आईवडिलांसह करावा.