इंग्लंडातील डच वसाहती आणि निचऱ्याचा धडा

वसमतच्या काळ्या जमिनीत हळद करणाऱ्यास पाण्याची उणीव नडते, तसेच साचलेले पाणीही नडते. कंदास कूज लागते ती बहुधा निचऱ्याअभावी. परंतु एकाच्या शेतातून काढलेले पाणी दुसऱ्याच्या शेतात गेले, तर तो निचरा नव्हे, तंटा होय. ह्याचे उत्तम उदाहरण इंग्लंडात जाऊन राहिलेल्या डच लोकांच्या इतिहासात सापडते.

हॉलंड देश सखल. बांध घालून पाणी बाहेर काढणे ही तेथील लोकांची पिढीजात विद्या. सोळाव्या शतकात स्पेनच्या राजाने चालविलेल्या धर्मच्छळास कंटाळून त्या बाजूची अनेक कुटुंबे इंग्लंडात आली. नॉर्विच शहराने १५६५ साली विणकरांची तीस कुटुंबे आपण होऊन बोलाविली. सँडविच गावी आलेल्यांनी भाजीपाल्याची बागाईत नावारूपास आणली. पुढे ही कुटुंबे इंग्रज समाजात मिसळून गेली.

ह्याच्या उलट प्रकार हॅटफील्ड चेस येथे घडला. १६२६ साली राजा पहिला चार्ल्स ह्याने कॉर्नेलियस व्हरमायडन ह्या डच स्थापत्यज्ञाशी करार करून तेथील दलदल कोरडी करविली. जमिनीचे तीन वाटे झाले: एक राजाचा, एक व्हरमायडन व त्याच्या भागीदारांचा, आणि उरलेला गावकऱ्यांचा. गुरचरण, मासेमारी व पाणपक्ष्यांची शिकार ह्यांवर जगणारे गावकरी ह्याने संतापले. शिवाय डॉन नदीचे एक मुख बंद केल्यामुळे उत्तरेकडील गावे पाण्याखाली जाऊ लागली. तेव्हा नवा कालवा खोदणे भाग पडले. त्यास आजही ‘डच नदी’ म्हणतात. परंतु वैर शमले नाही. सँडटॉफ्ट येथील परदेशी शेतकऱ्यांच्या वस्तीवर हल्ले झाले, घरे पाडली गेली, व पुष्कळांस अन्यत्र जावे लागले.

विद्या दोन्हीकडे खरीच होती. एकीकडे तिला आमंत्रण होते, दुसरीकडे ती शेजाऱ्याचा हक्क तुडवून आली.

तेव्हा आम्ही सुचवितो की, चर खणण्यापूर्वी उतारावरील सर्व शेतकऱ्यांनी एकत्र बसावे. पाणी शेवटी कोणत्या ओढ्यास मिळावयाचे हे प्रथम ठरवावे, आणि खणण्यास खालच्या टोकापासून आरंभ करून वर यावे. खालच्या शेतकऱ्याची संमती हाच चराचा पहिला हात होय.